स्नेअरचं हेड बदलताय, सोबत ब्रँडही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो आणि शनिवार-रविवारी सकाळी पाच-सहा मुलांना शिकवतो. गणपती जवळ आले की कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो, आणि फोनवर हाच विषय: "सर, इतकी वर्षं रेमोच लावतोय, या वेळी एव्हान्स लावून बघू का?" कुणी उलटं विचारतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून सगळं इथे लिहून ठेवलंय. नवख्यांसाठी एवढंच: स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला तळाला तारा टेकलेला ड्रम, हेड म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेली प्लॅस्टिकची फिल्म, आणि रेमो, एव्हान्स या हेडं बनवणाऱ्या कंपन्या.

ब्रँड बदलला की आवाज खरंच बदलतो का?

बदलतो. पण लोक ज्याला ब्रँडचा फरक म्हणतात, त्यातला बराचसा फरक नव्या हेडचा असतो. आठ-दहा महिने बडवलेलं हेड घ्या. मधोमध तळहाताएवढं कोटिंग उडालंय, काठीच्या टोकाचे बारीक खड्डे पडलेत, हेड ताणणारा एक रॉड नेहमी ढिला होतो. हे काढून तुम्ही दुसऱ्या कंपनीचं कोरं हेड लावता, पहिला ठोका मारता आणि म्हणता, "वा! काय कंपनी आहे!" अहो, आधीच्याच कंपनीचं नवीन हेड लावलं असतं तरी हेच म्हणाला असतात. तुलना करायचीच तर नव्याची नव्याशी करा.

माझ्या हिशेबाने स्नेअरच्या आवाजात सगळ्यात मोठा वाटा ट्यूनिंगचा. त्यानंतर हेडची जाडी आणि प्रकार, मग तळाचं हेड आणि तारा, आणि त्यानंतर कुठे हेडवर छापलेलं नाव. नावाला काहीच अर्थ नाही असं नाही. त्याबद्दल पुढे येतंच आहे. पण आधी वरचे तीन मुद्दे जागेवर नसतील, तर चौथ्यावर पैसे घालू नका.

मी रेमो अँबॅसेडर कोटेड लावतो. दुसऱ्या कंपनीत त्याच्या जोडीचं कोणतं?

एव्हान्सचं जी-वन कोटेड, किंवा अक्वेरियनचं टेक्स्चर कोटेड. तिन्ही एकपदरी आणि तिन्ही १० मिल जाडीची. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा १० मिल म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. दोनपदरीत रेमोचं एम्परर, एव्हान्सचं जी-टू आणि अक्वेरियनचं रिस्पॉन्स-टू ही एका रांगेतली. प्रत्येकात ७ मिलचे दोन पदर, म्हणजे एकूण १४ मिल.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. अँबॅसेडर वाजवणारा माणूस दुकानात जातो, दुकानदार जी-टू काढून देतो, आणि महिनाभराने हा सगळ्यांना सांगत सुटतो की एव्हान्सचा आवाज ठस आहे. ठसपणा दुसऱ्या पदराचा होता, कंपनीचा नव्हे! दोन पदर एकमेकांवर घासतात, आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) लवकर तुटते, हलक्या हाताचे ठोके जरा बुजतात. त्या बदल्यात हेड जास्त टिकतं आणि जोरात वाजवलं तर आवाज भरदार येतो. रॉक वाजवणाऱ्याला ते हवंच असतं. भावगीतांच्या कार्यक्रमात, जिथे निम्मा वेळ काठीऐवजी तारांचा ब्रश हातात असतो, तिथे मी तरी एकपदरीच लावेन.

या कंपन्या मुळात कुणाच्या?

तिन्ही अमेरिकन, आणि तिघींच्या मुळाशी ड्रमर. पूर्वी ड्रमला वासराचं कातडं असायचं. पावसाळी हवेत ते ढिलं पडायचं, कोरड्या हवेत ताणून फाटायचं. पन्नासच्या दशकात पॉलिएस्टरची पातळ, चिवट फिल्म बाजारात आली आणि ड्रमरांनी ती उचलली. चिक एव्हान्स यांनी १९५६ मध्ये तशी हेडं करून विकायला सुरुवात केली. पाठोपाठ १९५७ मध्ये रेमो बेली यांनी कंपनी काढली. हॉलिवूडमध्ये त्यांचं ड्रमचं दुकान होतं. त्यांच्या हेडचं 'वेदर किंग' हे नाव आजही शिक्क्यात दिसतं. हवामानाने बिघडणार नाही, हीच तेव्हाची मोठी जाहिरात होती. अक्वेरियन १९८० ची, रॉय बर्न्स हे ड्रमर तिच्या संस्थापकांपैकी एक. एव्हान्स १९९५ पासून गिटारच्या तारांसाठी प्रसिद्ध असलेल्या डॅडारिओकडे आहे.

मग जाडी आणि प्रकार सारखाच घेतला, तर ब्रँडचा म्हणून फरक उरतो कुठे?

दोन ठिकाणी. कडेला आणि कोटिंगमध्ये.

आधी कड. हेडची फिल्म सपाट मधून वळून खाली ॲल्युमिनियमच्या कड्यात जाते. त्या वळणाला कॉलर म्हणतात. शेलची, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्याची, कड नेमकी या वळणाखाली बसते, त्यामुळे वळण किती उंच आणि किती गोल यावर हेड बसणं अवलंबून. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. फिल्म कड्यात पकडायची रीतही वेगळी. कुणी कड्यात चिकट राळ ओतून ती घट्ट करतं. अक्वेरियन 'सेफ-टी-लॉक' नावाच्या पद्धतीने यांत्रिक पकड घेतं. एव्हान्सने २०१३ मध्ये 'लेव्हल ३६०' नावाने कॉलरचा आकारच बदलला, शेलवर हेड सगळीकडून सारखं टेकावं म्हणून.

हे वाचून समजत नाही, हाताने कळतं. रिम (हेड दाबून धरणारं वरचं कडं) काढा, शेलची कड कोरड्या फडक्याने पुसा, नवीन हेड नुसतं वर ठेवा. आता दोन बोटांनी ते गोल फिरवा. अडखळत न जाता फिरायला हवं. मग समोरासमोरच्या कडांवर आळीपाळीने बोट दाबा. हेड टकटक डुगडुगलं तर एकतर ते वाकडं आहे किंवा शेलची कड तरी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ब्रँड बदलताना ती केल्याशिवाय मी रॉड फिरवायची चावी हातात घेत नाही. जुने ड्रम असतील तर विशेष. काही जुन्या शेलचा व्यास आजच्या मापापेक्षा केसभर जास्त असतो, त्यावर एका कंपनीचं हेड अडकतं आणि दुसरीचं सुळकन बसतं. अशा ड्रमवर ज्या कंपनीचं बसतं ती चांगली, वाद संपला.

आता कोटिंग. काठीने वाजवताना दोन कोटिंगमधला फरक पहिल्या रांगेतल्या रसिकालाही कळणार नाही. ब्रश घेतला की मात्र लगेच कळतो. खडबडीत कोटिंगवर ब्रशची सर खरखरीत आणि ठळक येते, गुळगुळीतवर ती हवेत विरते. नखाने हेडवर हलकं ओरखडून बघा, ब्रशचा आवाज कसा येईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. आणि कोटिंग झिजतं, कुणाचंही झिजतं. एव्हान्सच्या यूव्ही-वनसारख्या हेडवर अतिनील किरणांनी पक्कं केलेलं कोटिंग असतं. ते जास्त टिकावं हाच त्यामागचा हेतू.

मधे काळा ठिपका असलेलं हेड घेऊ का? तबल्याच्या शाईसारखंच ना ते?

दिसायला तसंच, कामाने नाही. शाईचं वजन अशा हिशेबाने चढवलेलं असतं की चामड्याचे विस्कळीत उपस्वर एका सुरेल क्रमात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. त्यामुळे तबला सुरात 'लागतो'. हेडवरचा ठिपका हा पाच-एक मिलचा जादा तुकडा. तो मधला भाग फाटण्यापासून वाचवतो, आवाज थोडा आवळतो आणि ठोक्याला टोक आणतो. सूर वगैरे लावायची त्याच्याकडून अपेक्षा नाही.

घ्यायचंच तर ठिपका खालच्या बाजूने असलेलं घ्या, म्हणजे वर ब्रश फिरवायला जागा राहते. कडेला बारीक छिद्रांची रांग असलेली 'ड्राय' हेडंही मिळतात. त्यांचा आवाज कोरडा आणि आखूड. छोट्या हॉलमध्ये, माइक जवळ असताना कामाची, पण मोकळ्या मैदानात मला ती बिचारी वाटतात.

तळाचं हेडही बदलायचं का?

हा प्रश्न विचारणारा शंभरात एक भेटतो. विचारायला सगळ्यांनी हवा. तळाचं हेड फार पातळ असतं, बहुधा ३ मिल, वरच्याच्या तिसऱ्या हिस्स्याहून कमी. ते पातळ असतं म्हणूनच त्याला टेकलेल्या तारा हलक्या ठोक्यालाही उत्तर देतात. वर्षानुवर्षं न बदलल्याने ते ताणून मऊ पडतं, तारांच्या टोकांखाली वळ उमटतात. मग माणूस वरची हेडं बदलत बसतो आणि म्हणतो, कुठलाच ब्रँड लागत नाही.

वरची तीन हेडं झाली की एकदा तळाचं, असा माझा साधा नियम. घेताना 'स्नेअर साइड' लिहिलेलं बघून घ्या. एका विद्यार्थ्याने वरचं जुनं अँबॅसेडर तळाला लावलं होतं, काटकसर म्हणून. ड्रम बिनतारांच्या टॉमसारखा वाजत होता आणि तारा नुसत्या शोभेला. आणि तळाचं हेड लावताना बोटाचं नखसुद्धा जपा, काठी तर त्याच्या आसपासही नको.

एक चूक टाळा: वरचं आणि तळाचं एकाच दिवशी, दोन्ही वेगळ्या ब्रँडची लावू नका. नंतर फरक कशाने पडला ते कुणीच सांगू शकणार नाही.

नवीन हेड लावायची पद्धत काय?

पद्धत ब्रँडवर ठरत नाही. आधी प्रत्येक रॉड हाताने, चावी न लावता, बोटांना लागेल इतका घट्ट करा. मग चावीने एकेकाला अर्धा फेरा, समोरासमोरच्या जोडीने: एक इथला, की लगेच बरोबर समोरचा. शेजारचा शेजारी फिरवत गेलात तर हेड एका बाजूला ओढलं जाईल. सुरकुत्या गेल्या की तळवा मधोमध ठेवून हेड दाबा. नवीन हेड कधी कधी कुरकुरतं, घाबरायचं कारण नाही, कड्यातली राळ आवाज करते. दाबल्यावर सूर उतरेल. पुन्हा चढवा. हे दोन-तीनदा करा आणि मग प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून साधारण इंचभर आत, काठीने हलकं टिचकं मारून सगळीकडे एकच सूर लावून घ्या.

त्यानंतर ड्रम रात्रभर तसाच ठेवा. ही पायरी मी स्वतः एकदा खाल्ली होती. ठाण्याला कार्यक्रम, पडदा उघडायला अर्धा तास, आणि मला नेमकी तेव्हाच नवीन ब्रँड लावायची हौस आली. लावलं, ताणलं, साउंड चेकला खणखणीत वाजलं. पहिल्या गाण्याच्या शेवटाला आवाज जरा खाली आल्यासारखा वाटला. दुसरं गाणं लावणीचं. अंतऱ्यात स्नेअर असा काही भदभद वाजायला लागला की शेजारी बसलेले ढोलकीवाले काका ढोलकी न थांबवता माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय हो, रुसला का तुमचा स्नेअर?" कॉलर शेलवर बसायच्या आधीच मी वाजवायला लागलो होतो, एवढंच झालं होतं. डाव्या हाताने ताल धरून उजव्या हाताने चावी फिरवत ते गाणं मी कसंबसं काढलं. हेडची काही चूक नव्हती. तेच हेड पुढे सहा महिने उत्तम वाजलं.

किती ताणायचं? आकडा सांगा.

आकडा हवाच असेल तर ड्रमडायल नावाचं मीटर मिळतं. माझ्या १४ इंची स्नेअरला मी त्यावर वर ८५ ते ९० च्या दरम्यान ठेवतो आणि तळाला ८० च्या आसपास. तळाचा आकडा कमी दिसला म्हणून त्याचा सूरही खाली असतो असं समजू नका. तळाचं हेड पातळ आहे, थोड्या ताणातही त्याचा सूर वरच्यापेक्षा चढा येतो, आणि तो चढाच हवा.

पण ब्रँड बदलला की जुना आकडा डोळे मिटून लावू नका. जाडी तीच असली तरी कॉलर वेगळी असल्याने नवीन हेड थोडं वर किंवा खाली खुलतं. मी खालून सुरुवात करतो, पाव-पाव फेऱ्याने वर जातो आणि प्रत्येक वेळी चार ठोके मारतो: मधोमध, कडेला, रिमशॉट (रिम आणि हेडवर एकदम), आणि अगदी हळू. एका टप्प्यावर चारही एकदम जिवंत होतात. त्याच्या पुढे नेलं की आवाज आवळून टणक होतो. तिथून पाव फेरा मागे या.

दोन ब्रँडमधला फरक नीट ऐकायचा कसा?

स्वतः वाजवून तर नाहीच. आपला कान ड्रमपासून दोन फुटांवर असतो, आणि तिथे ऐकू येणारी अर्धी गाज श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही. मित्राला वाजवायला बसवा आणि हॉलच्या मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसा.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर लक्षात ठेवा, बहुतेक फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लहान आवाज उचलतात. दोन हेडं वेगळी वाजली तरी रेकॉर्डिंगमध्ये भाऊ-भाऊ वाटतात. ज्या ॲपमध्ये आवाजाची पातळी हाताने ठरवता येते ते वापरा, फोन एकाच जागी ठेवा, काठ्या त्याच ठेवा. आणि बँडबरोबर ऐका. एकट्या स्नेअरचा जो 'टंग' घरी कानाला खुपतो, तो बास आणि की-बोर्ड सुरू झाले की कुठे गेला ते कळत नाही. उलट घरी गोड वाटलेला बंद आवाज ऑर्केस्ट्रात हरवतो.

नवीन ब्रँडचं हेड फार घुमतं. टेप लावू का?

आधी ट्यूनिंग तपासा, एखादा रॉड चुकीचा असला की असंच होतं. तरी घुमत असेल तर कडेला चिकट जेलचा छोटा तुकडा किंवा फिल्मची रिंग ठेवा. टेपपेक्षा बरी, कारण पुढच्या गाण्याला उचलता येते. मी तर बरेचदा पाकीटच ठेवतो. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये मात्र नको, जेवायच्या वेळी पाकीट स्टेजवर राहतं.

पावसाळ्यात कुठला ब्रँड टिकतो?

सगळेच. पॉलिएस्टरला दमट हवेने व्यवहारात काही होत नाही, कोकणातल्या जुलैतही नाही. बिघडतात ते बाकीचे भाग. तारा गंजतात, रॉड अडकतात, लाकडी शेल फुगतं आणि मग आपण हेडला शिव्या देतो. हेड बदलायला रॉड काढलेच आहेत तर पुसून आट्यांना व्हॅसलीनचं बोट लावा. तारांवर तांबूस ठिपके दिसले तर त्या बदला, २० तारांचा साधा संच पुरतो.

ढोल-ताशा पथकात आहे. हे हेड ताशाला बसेल का? आणि मार्चिंगचं केव्हलर हेड माझ्या स्नेअरला?

ताशाचं तोंड ठरलेल्या इंची मापाचं असेलच असं नाही, आणि ड्रमचं हेड कायमच्या कड्यासकट येतं, कापून बसवता येत नाही. ताशाला ताशाचंच पान लावा.

केव्हलरला मात्र स्पष्ट नाही. केव्हलर या चिवट धाग्याची ती हेडं प्रचंड ताणावर वाजवायला केलेली असतात आणि मार्चिंगच्या ड्रमचा सांगाडा तो ताण सोसेल असा जड बांधलेला असतो. साध्या ड्रमसेटच्या स्नेअरवर तेवढं ताणलंत तर लग (रॉड ज्यात घुसतात ते शेलवरचे तुकडे) उपटतील, शेल वाकेल.

माझ्या ड्रमसेटबरोबर आलेल्या हेडवर रेमोच लिहिलंय, पण आवाज तसा नाही. का?

त्यावर 'यूटी' छापलंय का बघा. मध्यम आणि स्वस्त सेटबरोबर येणारी ही हेडं अमेरिकेबाहेर बनतात आणि सुटी मिळणारी अमेरिकन हेडं वेगळी. शिकायला चालतात. ब्रँडची परीक्षा त्यांच्यावरून घेऊ नका.

खरेदी करताना मी हेड हातात घेऊन बघतो: कडं सपाट काचेवर ठेवून डुगडुगतं का, छपाई स्वच्छ आहे का, कोटिंग सगळीकडे सारखं आहे का. मुंबईत असाल तर धोबी तलावला जाऊन बघणं सोपं, फुर्टाडोससारखं १८६५ पासूनचं दुकान तिथे आहे. ऑनलाइन मागवलं तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवा. एका विक्रेत्याने मला पुठ्ठ्याऐवजी नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हेड पाठवलं होतं. कडं पापडासारखं वाकलेलं. व्हिडिओ होता म्हणून पैसे परत मिळाले.

माप मात्र आधी घ्या. रिमच्या बाहेरून बाहेर मोजलं तर आकडा मोठा येतो. जुन्या हेडवर छापलेलं माप बघा, किंवा रिम काढून शेल मोजा. १३ इंची स्नेअर असूनही १४ चं हेड घेऊन आलेले दोघं माझ्याच क्लासात आहेत.

जुनं हेड टाकून द्यायचं का?

फाटलं नसेल तर नाही. नवीन ब्रँड पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत दगा देऊ शकतो, तेव्हा जुनं हेड आणि चावी बॅगेत असू द्या. मी प्रत्येक हेडच्या कडेला मार्करने लावल्याची तारीख लिहितो, काढल्यावर काढल्याचीही. चार-पाच हेडं झाली की कुठलं आपल्या हाताखाली किती महिने टिकतं हे कुणाला विचारावं लागत नाही. अगदी खड्डे पडलेली हेडं मी मुलांना सरावाला देतो. एका मुलाच्या आईने त्यातलं एक लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलंय, १४ इंची. बरणी केवढी असेल बघा.